मधल्या रेषेवर बायजाबाई

खारबावच्या कबड्डी संघातल्या सतरा वर्षांच्या जोमाचं डोकं महिनाभरात दोनदा आपटलं होतं. दर वेळी कांदा हुंगवून त्याला पुन्हा खेळायला सोडलं जाई. वर अंग भरावं म्हणून भिवंडीचा एक कंपाउंडर त्याला ताकदीची इंजेक्शनं टोचायचा.

सत्त्याहत्तर सालच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो तिसऱ्यांदा आपटला. शुद्धीवर येताच दम धरून निघाला, तो स्वतःच्याच संघावर चढाई करायला! लोक खदखदून हसले. त्याची आई बायजाबाई मात्र तडक मैदानात शिरली आणि मधल्या रेषेवर मांडी घालून बसली.

"वयनी, उठा. पाचच मिनटं ऱ्हायलीत," कप्तान लडकू म्हणाला.

"ठाण्याचा डॉक्टर बोललाय, या वयात मेंदू अजून घडतोय. मारावर मार बसला तर पोर हातचं जाईल. आन् तुमच्या सुईनं तो घरात भावाच्या अंगावर धावतो."

"गावाची इज्जत हाय!"

"मग तू कर चढाई. तुज्या डोक्यात बिघडण्यासारखं काय न्हाय."

पंचांनी दोनदा शिट्टी फुंकली, पण ती हलली नाही. अखेर लडकूनं बदली खेळाडूला हाक मारली. तेव्हा कुठे ती उठली आणि जोमाला धरून दवाखान्याच्या वाटेला लागली.