शेवटचं प्रकरण

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं कसं करावं, हे सांगणारं एक पुस्तक मी वाचनालयातून आणलं. माझ्याआधी ते बऱ्याच घरांत राहून आलेलं दिसत होतं. कूस बदलण्याच्या पानावर हळदीचा अंगठा उमटला होता आणि पाठीच्या जखमांचं पान तेलाने आरपार दिसत होतं. करणाऱ्याने स्वतःला कसं जपावं, हे सांगणारं शेवटचं प्रकरण मात्र कोरं करकरीत होतं. तिथवर पोचायला कुणाला वेळच झाला नसावा. हळदीच्या त्या बाईचा विचार करत मी आईच्या पलंगाशी खुर्चीत बसले. रुग्णाशी नेहमी हसतमुखाने बोलावं, असं एका पानावर होतं. लिहिणाऱ्याने बहुधा कधी चादरी धुतल्या नसाव्यात. वाचता वाचता माझा डोळा लागला.

दुपार कलल्यावर जाग आली, तर पुस्तक आईच्या छातीवर उघडं होतं. अर्धांगानंतर तिचा डावा हातच तेवढा चालतो. त्या हाताने तिने ते माझ्या मांडीवरून ओढून घेतलं होतं. मी सवयीने तिच्याखाली हात घालून पाहिला. चादर भिजली होती.

"हाक का नाही मारलीस?"

"यात शेवटी लिहिलंय, करणाऱ्यालाही झोप लागते," आई म्हणाली. "म्हटलं, झोपू दे तिला."

कित्येक महिन्यांनी आपण लेकीसाठी काहीतरी केलं, असं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

"बरं केलंस," मी म्हणाले, आणि धुतलेली चादर आणायला उठले.