माझ्या हातचं पाणी

सरपंचाने माझ्या हातातला गिलास घेतला आणि पाणी माझ्या पायांवर ओतलं. पंचायत समितीचा साहेब समोर खुर्चीत बसला होता. त्याच्यासाठीच मी ते आणलं होतं.

"हिच्या हातचं नका घेऊ साहेब. मी घरून मागवतो."

साहेब शिकलेला माणूस. बुटावर शिंतोडे उडाले का, तेवढं त्याने पाहिलं.

मी बौद्ध मोहल्ल्यातली, ग्रामपंचायतीची शिपाई. मोहर्लीच्या पलीकडचं आमचं गाव. कचेरी मीच झाडायची, विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडरही मीच टाकायची. त्या दिवशी माझ्या कामाची तपासणी होती. शेरा चांगला मिळाला तर मी कायम होणार होते.

"काम कसं आहे हिचं?" साहेबाने विचारलं. मला नाही, सरपंचाला.

"काम करते. पण आपली पायरी नाई समजत."

"मग 'सुधारणा आवश्यक' लिहू?"

"लिहा ना जी."

दोघं हसले. मला फरशी पुसायला लावली. मी पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर बायांची गर्दी. सरपंचाची बायको पाणी भरायचा गुंड घेऊन उभी. पावडर हाताला चावते, म्हणून ते काम कोणी करत नव्हतं. आणि सरकारी काम, म्हणून त्याचा विटाळही कोणाला होत नव्हता. मी बादलीत पावडर कालवली, सगळ्यांसमोर कोपरापर्यंत हात बुडवला आणि ते पाणी विहिरीत सोडलं.

"बाई, माह्या हातचं तुमच्या घरी चालत नाई म्हणते. मंग हे काऊन नेता? इतकी वर्सं हेच पेले ना तुमी."

गुंड रिकामाच घेऊन ती घरी गेली. तिचा उतरलेला चेहरा पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आजही वाटतं.

संध्याकाळी सरपंचाने मला कामावरून काढलं.

यंदा सरपंचपद आमच्या समाजाच्या बायांसाठी राखीव निघालं. मी अर्ज भरला. काल सरपंच आमच्या मोहल्ल्यात आला, पहिल्यांदाच.

"अर्ज मागं घे. तुले कायम करतो."

मी त्याला बस म्हटलं नाही. पाणीही विचारलं नाही. ते मी राखून ठेवलं आहे. उद्या मी निवडून आले की दाखल्याच्या सहीसाठी त्याला माझ्याच टेबलापुढे उभं राहायचं आहे. तिथे गिलास भरलेला असेल, माझ्या हाताने. शेवटचा घोट त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत मी पेन उघडणार नाही.