काळा रंग राहिला

दादाचा फोन बँकेत आला. कुंदावहिनी सकाळी पाणी भरताना कोसळली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... मी म्हणालो, "काल तर मी तिच्या हातचं जेवलो." जणू एवढ्यावर ही बातमी खोटी ठरणार होती. महिना होत आला, तरी मला ते खरं वाटत नाही.

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, इथे सुरतमध्ये शाळेत चित्रकला शिकवायची. डिंडोलीच्या दोन खोल्यांत ती लिनोलियमचा, म्हणजे जमिनीवर अंथरतात त्या रबरासारख्या जाड थराचा तुकडा कोरून त्याचे ठसे काढायची. यंत्र नव्हतं. रंग लावलेल्या तुकड्यावर कागद ठेवून भाताच्या डावाच्या पाठीने घासायची. ओले कागद दोरीवर चिमट्यांनी टांगलेले असत. स्वयंपाकघरात जायचं तर वाकून. कागदांवर नुसते चौकोन, त्रिकोण, रेघा. मी एकदा चिडवायला विचारलं, पतंगांचं दुकान काढलंय का? ती म्हणाली, "भाऊजी, हे काय आहे ते विचारू नका. नजर कुठून आत शिरते आणि कुठे अडते, तेवढं बघा." तेव्हापासून मला खोडच लागली. पर्वत पाटिया भागातल्या दुकानात साड्यांची चळत दिसली तरी मी काठांच्या रेघा बघत उभा राहायचो आणि दुकानदार मला गिऱ्हाईक समजायचा.

ती एकाच तुकड्यावर सगळे रंग काढायची. आधी पिवळा छापायचा, मग तोच तुकडा आणखी कोरून त्यावर लाल, पुन्हा कोरून काळा. कोरलेल्या जागी नवा रंग लागत नाही, आधीचाच राहतो; आणि कोरलेलं परत भरत नाही, म्हणून पुढचा रंग ठरवल्याशिवाय ती कोरणी उचलत नसे. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, दोरीवर लाल छापून झालेले कागद होते. पिवळ्या पट्टीत मोठा लाल चौकोन. ती हात पुसत म्हणाली, "लाल वाळू दे. उद्या शाळेतून आले की काळा. लालाची एकच तिरकी रेघ ठेवणारे."

दहाव्याला गावाकडून बायका आल्या. दोरीखाली थबकल्या. पिवळं आणि लाल, हळद आणि कुंकू. एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "तिले समदं समजी गयतं." आपण सवाष्ण जाणार हे वहिनीला आधीच कळलं होतं, यावर बाकीच्यांनीही माना हलवल्या. दादाने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्याने जेवण टाकलं. दोन घास खाऊन उठायचा. मला राग आला होता, पण कोणावर काढणार?

परवा तो त्या कागदांसमोर बसून म्हणाला, "तिला कळलं होतं, तर मला का नाही सांगितलं?"

मी टेबलावरचा लिनोचा तुकडा त्याच्या हातात दिला. त्यावर रविवारीच कोरून ठेवलेली तिरकी खाच होती. बाकी सगळ्या लालावर काळा येणार होता, दादा, फक्त ही रेघ लाल राहणार होती; सोमवारी संध्याकाळी ती छापणार होती, असं सांगितलं. तो बोट फिरवत राहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"म्हणजे तिला काहीच माहीत नव्हतं."

"नाही."

तेव्हा तो रडला, पहिल्यांदा. मग म्हणाला, भूक लागलीय.

कागद आम्ही काढले नाहीत. ताट आणायला मी स्वयंपाकघरात गेलो, नेहमीसारखा वाकून.