गाठ वाढली तेव्हाचा आनंद

ताई गेली तेव्हा मी अंगणात बोंबील उलटत होते. भावोजी इस्पितळातून आले आणि दारात नुसते उभे राहिले. मी वर पाहिलं नाही. उरलेले बोंबील उलटून पुरे केले, मग उठले. उठले की ऐकावं लागणार होतं...

ताई म्हणजे माझी मोठी जाऊ, भावोजींची बायको. ती जेटीवर मासळी विकायची आणि मी तिच्यामागे टोपली धरून बसायची, कारण मला गिऱ्हाइकाशी बोलता येत नसे. "ही माझी मुकी जाव. भाव माझ्याशी करा," असं ती सगळ्यांना ओरडून सांगायची. मशेरी दोघी एकाच डबीतली लावायचो. तोंडात चट्टा मात्र तिच्याच आला. ऑपरेशनात अर्धा जबडा गेला. किरणांची लाईट दिली, केमो दिली, केस गेले. वर्षभर बरं गेलं आणि मानेत गाठ आली. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, आता कापता येणार नाही. इम्युनोथेरपी म्हणून एक औषध आहे. ते आपल्याच अंगातल्या ताकदीला जागं करतं, पण सगळ्यांना लागू पडत नाही. एका संस्थेने मदत केली म्हणून ते मिळालं. सलाईनसारखं शिरेतून द्यायचे.

या वेळी उलट्या नाहीत, केसही राहिले. पण गाठ फुगायला लागली. भावोजींनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "या औषधाने कधी कधी गाठ आधी वाढल्यासारखी दिसते, मग बसते. पण हे फार क्वचित. स्कॅनमध्ये बघू." तो 'क्वचित' आम्ही घाटातच सोडून आलो. घरी आणलं ते एवढंच, की गाठ वाढली म्हणजे औषध लढतंय. रोज सकाळी मी तिच्या कानाखाली बोटं लावून बघायची.

"वाढली काय गो?"

"वाढल्ये हां ताई, चांगली वाढल्ये."

"मेलीनं बाळसं धरलंन! बारसं घाला आता."

वाकड्या तोंडातून शब्द फुटके यायचे, पण मला कळायचे. मी, कधी कुणाशी न बोलणारी, शेजारणींना बोलावून ती सूज दाखवायची. गाठ मोठी होत गेली, तसं आमचं घर खुशीत येत गेलं.

स्कॅन झाला. औषध लागू पडलं नाही, थांबवू या, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत येताना साखरप्याला चहाला थांबलो. ताईला चहा गिळवत नव्हता, ती नुसता पेला धरून बसली होती. "मला ठाव होतं गो," ती म्हणाली. "आतून कळतं. पण तू सकाळी एवढी बोलायचीस... म्हटलं, बोलू दे." भावोजी पैसे द्यायला उठून गेले.

तेरावं झाल्यावर मी माळा झाडायला चढले. औषधाची बाटली बर्फात घालून थर्माकोलच्या लहान डब्यातून मिळायची. ते सगळे डबे ताईने धुऊन, वाळवून, एकावर एक रचून ठेवले होते. प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडलेलं. जेटीवर कोळंबीच्या डब्याला आम्ही तसंच पाडतो, बर्फाचं पाणी गळून जायला. शेवटच्या खेपेच्या, तिला आतून कळलं होतं तेव्हाच्या डब्यालाही होतं.

मी ते उतरवले नाहीत. होते तसेच ठेवून खाली आले.