दुसऱ्यांना दिलेला धीर

पनवेलला उरण नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर परेश घरतचं छोटंसं ऑफिस आहे. लोकांचे पैसे म्युच्युअल फंडात गुंतवून द्यायचे, हा त्याचा धंदा. आधी तो एका पतपेढीत कारकून होता. विमानतळासाठी जमिनी गेल्या, उलव्याकडच्या त्याच्या नातलगांच्या हातात मोबदल्याचे पैसे आले, तेव्हा कुणी गाड्या घेतल्या, कुणी हळदीला चार-चार गावं जेवू घातली. ते बघून परेशचा जीव तुटायचा. त्याने फंड विकायच्या परवान्याची परीक्षा दिली, नोकरी सोडली आणि घरोघरी फिरून सांगायला लागला, "दर महिन्याला थोडे थोडे टाका आणि विसरून जा."

लोक ऐकायचे, कारण त्याला बोलायची हातोटी होती. बाजार पडला की तो म्हणायचा, "घेतलेली साडी दुसऱ्या दिवशी स्वस्त झाली म्हणून कुणी दुकानात परत नेऊन देतं का?" बायका हसायच्या आणि हप्ता चालू ठेवायच्या.

मग दोन हजार वीसचा मार्च आला. सगळं बंद झालं आणि बाजार असा कोसळला की परेशचा फोन खाली ठेवता येईना. घरच्यांचा व्हिडिओ कॉल चालला होता, तेव्हा त्याचा मेहुणा निनाद सगळ्यांदेखत म्हणाला, "भावोजी, मी काढून घेतो सगळं. पगार अर्धा झालाय. घास उतरत नाही."

परेश मोठ्याने हसला. "अरे, एवढ्यात पाय लटपटले तुझे? माझ्या वेणूआत्याचेही पैसे फंडात आहेत. तिने शाळेची पायरी चढलेली नाही, तरी बघ कशी निवांत आहे! एमबीए काय उगीच केलंस?"

सगळे हसले. निनाद मान खाली घालून राहिला. शेजारी बसलेली परेशची बायको अनुया हळूच म्हणाली, "भीती तर मलाही वाटते हो."

"तुला काय कळतंय त्यातलं?" परेश म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सोसायटीतल्या एका धडधाकट माणसाला ॲम्ब्युलन्समधून नेलं. परेश गॅलरीतून बघत होता. नवीन गिऱ्हाईक येणं थांबलं होतं, पुढचं काहीच दिसत नव्हतं. त्याने फोन उघडला. मुलगी आभा लहान असल्यापासून तिच्या शिक्षणासाठी म्हणून तो फंडात पैसे साठवत होता. तो आकडा रोज उतरत होता. उद्या हेही राहिलं नाही तर? त्याने सगळं विकून टाकलं. एकदम हलकं वाटलं. दुपारी तो पोटभर जेवला.

जेवून उठतो तोच वेणूआत्याचा फोन. "परेश, टीवीवर काय काय दाखवतान रे. तुजे पैशे हायेत ना अजून त्यान?"

"आहेत ना आत्या."

"मंग माजे बी राहू दे. तू हायेस ना, मना काय भ्या नाय."

बाजार अजून पडेल, तेव्हा परत घेऊ, असं त्याने ठरवलं होतं. बाजार पडला नाही. चढत गेला. दर महिन्याला परेश मनाशी म्हणायचा, आता महाग झालं, थोडा उतरू दे. तसं करता करता वर्षं गेली आणि आभाचे पैसे बँकेच्या ठेवीत पडून राहिले.

इकडे लोकांचं मात्र भलं झालं. वेणूआत्याने दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स करून घेतली आणि स्वतःच्या पायांनी जिना चढून पेढे घेऊन ऑफिसात आली. "माज्या भाच्याने धरून ठेवला म्हून मी ठेवला," ती तिथे बसलेल्या गिऱ्हाइकांना सांगत होती. परेशने पेढा कागदात गुंडाळून खणात ठेवला. पुढे पुढे लग्नकार्याला जाणंसुद्धा त्याने टाळायला सुरुवात केली. गेलं की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून आभार मानायचं.

आभाला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला तेव्हा सगळं उघडं पडलं. कॉलेज खासगी, फी जबर. सकाळी चहा गाळताना अनुया सहज म्हणाली, "आता आभाचा फंड काढावा लागेल ना?"

परेशने पेपर मिटला. तिने वळून पाहिलं.

"तो आता नाही," तो म्हणाला. "लॉकडाऊनमध्येच विकला मी. घाबरलो होतो."

अनुयाने गाळणं खाली ठेवलं. "निनादला सगळ्यांसमोर हसलात, त्याच्या नंतर की आधी?"

"दुसऱ्या दिवशी."

तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मीच म्हटलं असतं, विका. मीही घाबरले होते. पण तुम्ही मला मूर्खात काढलंत आणि स्वतः गुपचूप..." वाक्य तसंच सोडून ती आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं परेशला वाटलं.

ठेवीत होते ते पैसे पुरण्यासारखे नव्हते. अनुयाने भावाला फोन केला. संध्याकाळी निनाद खांदा कॉलनीहून आला, कमी पडत होते तेवढे द्यायला तयार होऊन. ते पैसे फंडातलेच होते. परेश हसला म्हणून चिडून, हट्टाने त्याने ते तेव्हा धरून ठेवले होते.

"निनाद, त्या दिवशी मी तुला..." परेशने सुरुवात केली.

"राहू द्या भावोजी," निनाद म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पण त्याने परेशकडे पाहिलंही नाही, आभाशी कॉलेजच्या गप्पा मारत बसला.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत बाजार पुन्हा घसरला. पुन्हा फोन सुरू झाले. परेश तीच साडीची गोष्ट सांगायला गेला आणि अर्ध्यात अडखळला. दुपारी ऑफिस बंद करून तो स्कूटरने वेणूआत्याकडे गेला. ती अंगणात सुकट निवडत होती.

"आत्या, त्या लॉकडाऊनच्या टायमाला तू विचारलं होतंस, माझे स्वतःचे पैसे आहेत का त्यात म्हणून. नव्हते. त्याच दिवशी विकले होते मी."

तिचे हात थांबले. "म्हंजी तू मना खोटा बोल्लास."

"हो."

"माजा भला झाला, म्हून काय ते खरा होत नाय."

"नाही होत."

तिने निवडलेली सुकट टोपलीत भरली. मग म्हणाली, "आता काय करू सांग. काडू का ठेवू?"

"ठेव. गरज लागली तर थोडे काढ, पण भ्यायलीस म्हणून काढू नको. मीही परत सुरू केलंय, थोडं थोडं. रोज आकडा बघतो आणि घाबरतो. पण विकलं नाही."

"ठेवते," ती म्हणाली. "पन आता मी तुला इचारनार, तवा तुजा तोंड बघून इचारनार. फोनवर नाय."

त्याने मान हलवली. त्या महिन्यात त्याने आणखी काही जुन्या गिऱ्हाइकांनाही खरं सांगितलं. दोघांनी आपलं काम दुसऱ्याकडे नेलं. त्याने त्यांना अडवलं नाही.

वेणूआत्याला खरं सांगितलं त्या दुपारी परेश तिच्या अंगणातून न जेवताच निघाला होता. अशी त्याची ती पहिलीच वेळ. तिने थांब म्हटलं नाही, त्यालाही थांबवेना. फाटकाबाहेर येऊन त्याने हेल्मेट चढवलं, तोंड दिसू नये म्हणून काच खाली ओढली आणि मगच स्कूटर सुरू केली.