एरिका आंटीचे हरवलेले भाऊबंद

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. दहावीच्या आधी शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. मी वसईचा मेल्विन. कॅनडात वॉटर्लूला एरिका आंटीच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. आंटी ऐंशीची. दर शनिवारी ती मला लायब्ररीत नेते. तिथे जर्मन वंशाची माणसं आपले पूर्वज शोधतात. मी फारसा बोलत नाही, पण कॉफी संपेपर्यंत एक तरी किस्सा पदरात पडतोच.

आंटीला एकच हवं होतं. पणजोबांच्या एखाद्या भावाच्या वंशातलं कुणीतरी जिवंत माणूस. "घरात मी शेवटची. माझं नाव माझ्याबरोबर जाणार," ती म्हणायची.

*

पणजोबा धरून ते चार भाऊ, चौघेही योहान. मी विचारलं, "आईने हाक मारली की यायचं कोण?"

"कुणीच नाही," ग्रूपमधले रिटायर्ड मास्तर कार्ल म्हणाले. "योहान चर्चपुरता. हाक दुसऱ्या नावाने."

मला नवल वाटलं नाही. माझा भाऊ बाप्तिस्म्याला फ्रान्सिस, घरात बाळू.

*

एकदा चर्चच्या नोंदीत निघालं की पणजोबा योहान पीटर पाळण्यातच वारले.

"मग मी कुठून आले?" आंटीने विचारलं.

कार्ल हसले. "मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे. तू दुसऱ्या पीटरची."

"बरं झालं. केक भाजून ठेवलाय, तो खायला तरी मी उरले."

*

पणजोबांचा एक भाऊ मात्र लग्नानंतर नोंदींतून गायबच. कार्लनी उलगडा केला. जर्मनीच्या त्या भागात शेतमालकाच्या मुलीशी लग्न केलं की नवरा त्या शेताचं नाव आडनाव म्हणून लावायचा.

मी फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याकडे उलटं. जावई शेताला आपलं नाव लावतो."

*

मग शेताच्या नावाने शोधलं. शेत अजून आहे, आणि तिथे राहणारी उटे त्याच भावाच्या वंशातली!

पुढच्या शनिवारी व्हिडिओ कॉल झाला. उटेच्या मांडीवर तान्ही मुलगी. दोघी आधी एकमेकींचं सारखंच नाक बघत राहिल्या.

"बाळाचं नाव काय?" आंटीने विचारलं.

"अजून ठेवलं नाही. आमच्या घरात अजूनही मुलीला गॉडमदरचं नाव देतात," उटे म्हणाली. "बाप्तिस्मा ईस्टरला आहे. तुम्ही व्हाल गॉडमदर?"

आंटी चष्मा पुसत राहिली. "या वयात मला विमानात कोण बसवणार?"

"खिडकीची सीट माग," कार्ल म्हणाले.



दुसऱ्या दिवशी सकाळी मी गराजच्या माळ्यावरून तिची मोठी सूटकेस उतरवली आणि धूळ पुसून तिच्या दारापाशी ठेवली.