हात रत्नागिरीचे

दत्ता गेल्याचं मला कळलं तेव्हा त्याच्यासाठी घेतलेला पतंग माझ्या बंकखाली होता. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. एजंटाच्या माणसाने टपालाची पिशवी आणून दिली, त्यात धाकट्या भावाचं पत्र. आधी आंब्याचा मोहोर, मग आईचे गुडघे, आणि मग दोन ओळी... ड्रॉइंगचे दत्तामास्तर गेले, वर्गात फळ्यासमोरच छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. तारीख पाहिली तर तेरावंही होऊन गेलेलं. मी पत्राची घडी केली, खाली इंजिनात जाऊन ड्यूटी पुरी केली. रडू आलं नाही. आली ती लाज. दत्ता शिक्षक म्हणून किती मोठा होता हे सांगायला त्याचे विद्यार्थी समर्थ आहेत. मी लिहितोय ते माझ्याबद्दल जास्त आहे, तेवढं वाचकांनी सोसावं.

आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. तो मॅट्रिकनंतर ड्रॉइंगच्या परीक्षा देऊन मास्तर झाला, मी आय.टी.आय. करून जहाजावर फिटर. पतंगाचा नाद त्याला लहानपणापासून, पण काटाकाटीत त्याला कधीच रस नव्हता. दुसऱ्याचा पतंग कापून काय मिळतं, असं म्हणायचा. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास एका परदेशी मासिकातलं पान मी त्याला पाठवलं. त्यात एक माणूस समुद्रकाठी उभा राहून दोन हातांत दोन दोरे धरून एकच पतंग उडवत होता. फोटोखाली लिहिलं होतं, उजवा दोरा ओढला की पतंग उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. सुसाट खाली आणायचा, वाळूला टेकायच्या आत थांबवायचा, हवेत खिळल्यासारखा उभा करायचा, पाठीवर उलटा पाडायचा आणि पुन्हा सरळ करायचा. ते पान दत्ताने स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलं. बांबूच्या काड्या आणि धोतराचं कापड घेऊन तसा पतंग करूनही पाहिला. तो उडायचा, वळायचा, पण दमटपणाने कापड लोंबायचं आणि हवेत थांबायचं काही जमायचं नाही.

मग त्याचं ते पत्र आलं. पुढच्या खेपेला इंग्लंडला लागलास तर तसला पतंग घेऊन ये, असं लिहून खाली अख्खं पानभर चित्र काढलेलं. पंख रुंद हवेत, अंग हलकं हवं, काठ्या बारीक. दिसायला कसाही चालेल, पण वेगवान नको. 'वेगवाला नुसता धावतो. मंद असतो तो चूक झाली की थांबतो, आपल्याला विचार करायला वेळ देतो. मेल्या, सायकल शिकायला कोण शर्यतीची सायकल घेतो काय?' हे त्याचे शब्द. पत्र अजून माझ्याकडे आहे.

इंग्लंडच्या एका लहान बंदरात मला तसलं दुकान सापडलं. दुकानदार म्हातारा होता. मी त्याच्यापुढे दत्ताचं चित्र ठेवलं तसा तो चित्राकडे बघतच राहिला. आत जाऊन त्याने एक पतंग आणला. हुबेहूब तोच. रुंद, हलका, करड्या रंगाचा. मला त्याने विचारलं, हे काढणारा कुठे शिकला? मी म्हटलं, कुठेच नाही. आणि तेवढ्यात मला भिंतीवरचा दुसरा दिसला. लाल-पिवळा, टोकदार, मागे दोन लांब झुळझुळीत शेपट्या. दुकानदाराने मान हलवली. तो शिकाऊ माणसाचा नाही, नुसता जोरात पळतो, असं त्याने दोनदा सांगितलं.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बोटीवरचा माणूस घरी आला की त्याची बॅग लगेच उघडत नाहीत. देवापुढे ठेवतात, हळदकुंकू वाहतात, आणि संध्याकाळी आळीतली माणसं जमली की सगळ्यांदेखत उघडतात. साबणाच्या वासासकट एकेक वस्तू बाहेर येते, हातोहात फिरते, आणि कोणी काय आणलं ह्यावर वर्षभराची पत ठरते. त्या दुकानात मी उभा होतो, पण डोळ्यांसमोर होती ती माझ्या घरातली पडवी. त्या पडवीत तो करडा पतंग जुन्या छत्रीच्या कापडासारखा दिसला असता. एवढ्या लांबून मास्तरासाठी हे आणलंस, असं कोणीतरी म्हणालं असतं. मी लाल-पिवळा घेतला.

बॅग उघडली तेव्हा व्हायचं तेच झालं. बायका-माणसं हरखली. पतंग दत्ताच्या हातात आला. त्याने वितीने पंख मोजले, काठीचं वजन बोटावर तोललं, आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "तसा नव्हता काय रे?"

मी म्हटलं, "नव्हता. संपले होते."

"नव्हता तर नव्हता. आता हाच आपला," तो म्हणाला.

पुढची पाच वर्षं तो त्या पतंगाशी झगडला. शाळा सुटली की सायकलच्या दांडीला पतंग बांधून भाट्याच्या किनाऱ्यावर. पतंग सुंदर दिसायचा, निळ्या आभाळात फाटदिशी वर जायचा, आणि हवेत थांबवायला गेलं की तसाच नाकावर वाळूत आपटायचा. काठ्या मोडायच्या. दत्ता चिव्याच्या बांबूच्या काड्या तासून जोडायचा, दोरा जिथे बांधतात ती कन्नी सूतसूत सरकवून पाहायचा, आणि सगळं एका वहीत लिहून ठेवायचा. मी सुट्टीवर असलो की सुरूच्या झाडाखाली बसून बघायचो. दरवेळी सांगावंसं वाटायचं आणि दरवेळी, आता इतक्या उशिरा काय सांगायचं, असं म्हणून गप्प बसायचो.

नुसता गप्प बसलो असतो तरी एकवेळ चाललं असतं. एका मे महिन्यात माझ्या मेव्हण्याकडची मुंबईची मंडळी आली होती. मी काळा चष्मा लावून त्यांना भाट्याला घेऊन गेलो. दत्ता तिथे होताच. त्यांच्या आग्रहावरून त्याने पतंग चढवला, खाली आणला, थांबवायचा प्रयत्न केला, आणि पतंग आमच्यासमोर दहा पावलांवर आदळला. कोणीतरी म्हणालं, पतंगच खराब दिसतोय. आणलेला मी. मला ते झोंबलं.

मी म्हटलं, "पतंग अस्सल इंग्लंडचा आहे हो. हात पडले रत्नागिरीचे."

सगळे हसले. दत्ताही हसला. मग तो खाली बसून दोरा गुंडाळायला लागला, आणि गुंडाळताना एकदाही त्याने वर पाहिलं नाही. घरी परत येताना मंडळींनी माझ्या विनोदाचं कौतुक केलं, आणि मी ते करून घेतलं.

त्यानंतर मी घरी असताना तो पतंग काढेनासा झाला. गेल्या वर्षी एका पत्रात त्याने लिहिलं, 'माझ्या हातात ते नसावं. चाळिशीनंतर हात नवीन काही शिकत नाही म्हणतात, तसं असेल.' बाकीचं पत्र नेहमीसारखं हसतंखेळतं होतं. पण ती ओळ मला चावत राहिली. ज्या माणसाने नुसत्या एका फोटोवरून सगळं ओळखलं, तो आता स्वतःच्या हातांना बोल लावत होता. जहाज पुन्हा त्या बंदराला लागलं तेव्हा मी धावत त्या दुकानात गेलो. म्हातारा नव्हता, त्याचा मुलगा होता. करडा पतंग होता. ठरवलं होतं की ह्या खेपेला बॅग उघडायच्या आधी दत्ताला भाट्याला न्यायचं, पतंग हातात द्यायचा आणि सगळं सांगून टाकायचं. त्यानंतर पंधरा दिवसांनी भावाचं पत्र आलं.

घरी पोचलो त्याच दिवशी दत्ताकडे गेलो. वहिनी मागल्या दारी आमसुलं वाळत घालत होत्या. मी पायरीवर बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. दुकान, म्हातारा, दोन पतंग, पडवी, खोटं. त्यांचे हात थांबले.

"म्हणजे भावजी, इतकी वर्षं ते आपल्या हातांना नावं ठेवीत होते, ते..." त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता त्या मला जा म्हणून सांगतील. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या आत गेल्या आणि लाल-पिवळा पतंग घेऊन आल्या. मी तो ओळखलाच नाही. शेपट्या कापलेल्या. काठ्या सगळ्या बांबूच्या, सुईसारख्या तासलेल्या. आणि दोन्ही पंखांच्या कडांना वीतवीतभर कापड जोडून ते रुंद केलेले, बारीक हातशिलाईने. कापड जुन्या छत्रीचं होतं.

वहिनी म्हणाल्या, "दिवाळीनंतर थांबायला लागला हवेत. मला नेलं होतं बघायला. म्हणाले, सख्याला कळवू नको. तो आला की भाट्याला नेऊन दाखवीन, हात रत्नागिरीचेच आहेत म्हणून सांगीन त्याला."

मी आणलेली पिशवी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती उघडलीही नाही. "हा नको, भावजी. आमच्याकडे आहे," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा आमसुलांकडे वळल्या.

तो करडा पतंग माझ्याकडे राहिला. ह्या खेपेला आमच्याकडे बॅग उघडायला कोणाला बोलावलं नाही. चार दिवसांनी मी एकटाच पतंग घेऊन भाट्याला गेलो. मला पतंगातलं काही कळत नाही, जन्मात कधी धड उडवला नाही. पहिल्या दिवशी तो दहा-बारा वेळा पडला, पण पडताना मऊ पडायचा, घाई करायचा नाही. मी चुकलो की जरा रेंगाळायचा. दुसऱ्या दिवशी तो माझ्या हाताने वळायला लागला. दत्ताने पत्रात लिहिलं होतं तसंच सगळं, शब्दाला शब्द.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तो खाली आणला, दोन्ही हात सैल सोडले, आणि तो वाळूपासून पुरुषभर उंचीवर येऊन थांबला. नुसता थांबला... मी पाच-सहा श्वास घेईपर्यंत. बघायला कोणी नव्हतं. ज्याने बघायचं, त्याला ह्यासाठी पाच वर्षं आणि एक अख्खी छत्री लागली होती.

मी दोरा गुंडाळायला खाली बसलो, आणि मलाही वर बघवेना.